खिडकी नसलेली खोली आणि पहाटे पाचचा गजर: लाईट थेरपीचा दिवा घ्यावा का?

उदगीरकर

रामराम मंडळी. लेक लातूरला ट्युशन एरियात रूम करून राहते, नीटचं रिपीट वर्ष आहे. रूम म्हणजे एका हॉलचे प्लायवूड ठोकून केलेले तीन तुकडे, तिच्या वाट्याला मधला आलाय. खिडकी नाही. दार लावलं की भर दुपारीही ट्यूब लावावी लागते.

पहाटे पाचचा गजर लावते, बंद करून पुन्हा झोपते, आठला दचकून उठते. मग दिवसभर स्वतःवर चिडचिड. फोनवर पार रडकुंडीला येते. मैत्रिणीनं तिला ऑनलाईन दोन वस्तू दाखवल्यात. एक टेबलावर ठेवायचं पांढरं पॅनेल, त्यावर १०,००० लक्स छापलंय. दुसरी म्हणजे घड्याळ आणि दिवा एकत्र, गजराच्या अर्धा तास आधीपासून हळूहळू उजळत जातो म्हणे. दोन्हींचं काम एकच का? किंमत बघून मी आधी इथं विचारायचं ठरवलं. घरचे म्हणतात, कोंबडं पाळ.

सवाई_सर्जा

कोंबडं स्वस्तच पडंल, पण लातूरचा घरमालक त्याचंही भाडं लावंल.
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडंबी एक कुंभकर्ण हाय.

गोदाकाठ

दोन्ही वस्तू वेगळ्या. नांदेडला माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, म्हणून मी फक्त उजेडाचा हिशेब सांगतो. शरीराचं काय ते जाणकार सांगतील.

दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते लुमेन. त्यातला तुमच्या डोळ्यापर्यंत किती पोचतो ते लक्स. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेनचा असतो. तो चारी बाजूंना सारखा उजेड फेकतो असं धरलं तर एक मीटरवर ७० लक्सच्या आसपास भरतात. अर्ध्या मीटरवर चौपट, म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे. अंतर दुप्पट केलं की उजेड पावपट. आता १०,००० लक्स म्हणजे काय चीज आहे ते बघा. घरातली ट्यूब डोक्यावर असताना वहीवर शंभर-दोनशे, फार तर तीनशे लक्स पडतात. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर अंगणात काही हजार मिळतात. मोकळ्या उन्हात दुपारी हा आकडा लाखाला टेकतो.

तेव्हा पॅनेल घेताना "१०,००० लक्स, पण किती अंतरावर?" एवढंच विचारा. ४० ते ६० सेंटिमीटरवर तेवढे देणारं पॅनेल चांगलं मोठं असतं, वहीच्या दोन-तीन पानांएवढं तरी. तळहाताएवढ्या पॅनेलवर हाच आकडा छापलेला असेल तर तो दहा-पंधरा सेंटिमीटरवर मोजलेला असतो. दिव्याला नाक लावून अर्धा तास कोण बसणार?

दुसऱ्या वस्तूला, पहाटदिवा म्हणू तिला, एवढा जोर लागत नाही. शून्यापासून सुरू होऊन दोन-तीनशे लक्सला थांबतो. वर हिशेब केलाय, तेवढं काम उशापासून हात-दीड हातावर लावलेला साधा बल्ब करतो. हळूहळू वाढणारा स्मार्ट बल्ब हजाराच्या आतबाहेर मिळतो.

पाणंद

सगळा बाजार आहे राव. आम्ही उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो. तांबडं फुटलं की आपोआप जाग. ना गजर ना ॲप. आता खोलीचा उजेड बंद करायचा आणि तोच उजेड हप्त्यानं विकत घ्यायचा!

बाल्टिक_औसेकर

पाणंदभाऊ, तुम्ही विरोधात म्हणून लिहिलंत, पण माळवदावर झोपणं हाच मूळ पहाटदिवा. सूर्य वर यायच्या तास-सव्वा तास आधीपासून आभाळ उजळायला लागतं आणि तो उजेड मिटलेल्या पापणीतूनही आत जातो. घड्याळातल्या दिव्यानं त्याचीच नक्कल केलीय. उदगीरकरांच्या लेकीकडे माळवद नाही, प्लायवूड आहे.

मी मूळचा औशाचा, सध्या स्टॉकहोमला. इथे डिसेंबरात पावणेनऊला सूर्य उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी दहा-दहा तास झोपूनही मरगळलेला असायचो, आणि भूक मात्र वाढलेली. डॉक्टरांनी सांगितल्यावर पॅनेल घेतलं. सकाळी नाश्ता करताना ते टेबलावर बाजूला, जरा तिरकं ठेवतो. त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं, नजर ताटात किंवा पेपरात. अर्धा तास पुरतो. २,५०० लक्सचा दिवा असेल तर तेवढ्यालाच दोन तास लागतात.

या आजाराला हिवाळी नैराश्य म्हणा. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचं पहिलं नीट वर्णन केलं, दिव्याच्या उपचारासकट. रोझेन्थल स्वतः दक्षिण आफ्रिकेतले, जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात आले आणि तिथं त्यांना स्वतःलाच हा फरक जाणवला. म्हणजे ही वस्तू मुळात उन्हाच्या दुष्काळासाठी निघाली. आपल्याकडे दुष्काळ पाण्याचा, उन्हाचा नव्हे. औशात डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो.

तिसरी_शिफ्ट

वाचतोय. वाळूजला आहे, रात्री ११ ते सकाळी ७. आमच्यासारख्यांचं पण कुणीतरी सांगा.

सखी_परभणी

स्मार्ट बल्ब घेणाऱ्यांनी हे वाचा. मी मुलाच्या दहावीला घेतला. सनराइज मोड छान आहे, सुरुवातीला अगदी कंदिलासारखा तांबूस आणि मग पांढरा. मुलगा कुरकुर न करता उठायला लागला, हे खरं. पण एका रात्री लाईट गेली आणि अडीचला आली. लाईट आली तसा हा बल्ब पूर्ण जोरात पेटला! मुलगा उठून बसला, "आई, उशीर झाला का?" म्हणत थेट बाथरूममध्ये. दात घासून झाल्यावर घड्याळ बघितलं त्यानं. सासूबाईंनी तर चहाचं आधण ठेवलं होतं.

दुसरं, वायफायचा राउटर बंद असला की आमच्या बल्बाचं टायमिंग चुकतं. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा लागला. उदगीरकर दादा, तुमच्या लेकीच्या रूमवर इन्व्हर्टर आहे का ते आधी विचारा. नसेल तर बॅटरी बॅकअपवालं घड्याळच बरं.

झोपेचा_डॉक्टर

संभाजीनगरला मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. इथं कुणाला उपचार लिहून देणार नाही. पण वेळेचा मुद्दा अजून कुणी मांडलेला दिसत नाही, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, शरीराचं मुख्य घड्याळ असतं. ते स्वतःहून चालतं, पण रोज थोडं सरकतं आणि उजेड त्याला जागेवर आणतो. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात काही वेगळ्या पेशी आहेत, २००२ च्या सुमारास त्या नीट लक्षात आल्या. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. (हे घड्याळ पेशीच्या आत जनुकांवर कसं चालतं, हे फळमाशीवर काम करून उलगडलं. त्याला २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं: हॉल, रॉसबॅश आणि यंग.)

आता कामाचं. माणूस गजराशिवाय ज्या वेळी उठतो, त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्या वेळेनंतर डोळ्यांवर भरपूर उजेड पडला तर घड्याळ लवकरच्या बाजूला सरकतं. त्या वेळेच्या आधी पडला तर उशिराच्या बाजूला. एकच दिवा, दोन उलटे परिणाम.

उदगीरकर, मला दोन गोष्टी सांगा. ती झोपते किती वाजता? आणि घरी सुट्टीला आली की, पहिले दोन-तीन दिवस सोडून, गजराशिवाय किती वाजता उठते?

उदगीरकर

डॉक्टर, झोपायला एक वाजतो, कधी दीड. दिवाळीत आली होती तेव्हा साडेआठ-नऊला उठायची. आईनं हाका मारल्या तर त्याआधी, पण मग भांडण.

झोपेचा_डॉक्टर

म्हणजे तिचं घड्याळ सध्या पावणेनऊचं धरा. तापमानाचा तळ सहा-साडेसहाच्या आसपास. पाच वाजता तिला उठवून १०,००० लक्सच्या पॅनेलसमोर बसवलं, तर उजेड तळाच्या आधी पडेल आणि दुसऱ्या दिवशी उठणं आणखी जड जाईल. पैसे खर्चून उलटी गाडी. पॅनेल "काम करत नाही" म्हणून माळ्यावर टाकणाऱ्या अनेकांचं हेच झालेलं असतं.

सुरुवात पावणेनऊच्या थोडं अलीकडे करायची. उठल्या उठल्या उजेड, अर्धा तास. दर दोन-तीन दिवसांनी उठणं आणि उजेड दोन्ही अर्धा तास अलीकडे घ्यायचे. सोबत रात्रीचा उजेड कमी करायचा. दहानंतर डोक्यावरची ट्यूब बंद, टेबलावर पिवळसर दिवा, फोन हातात नको. हा अर्धा भाग सोडला तर सकाळचा दिवा एकटा फार काही करत नाही.

आणि स्पष्ट बोलतो. दीडला झोपून पाचला उठणं हे साडेतीन तास झाले. सतरा-अठराच्या पोरीला आठच्या आसपास तास हवेत. या वयात घड्याळ तसंही उशिराकडे झुकलेलं असतं, तो आळस नव्हे. झोपेच्या तासांना कोणताही दिवा पर्याय नाही. अकराला झोप, सहाला उठणं, दुपारी वीस मिनिटं डोळा. पाचचा हट्ट कुणाचा आहे, तिचा का क्लासवाल्यांचा?

उदगीरकर

क्लासमध्ये सर म्हणतात टॉपर चारला उठतात. क्लास साडेआठला सुरू होतो.

सवाई_सर्जा

टॉपर चारला उठत्यात का चारला झोपत्यात ते बी इचारा सरांना.

झोपेचा_डॉक्टर

मग सहाही पुष्कळ लवकर झालं. साडेसहा ठेवा.

पहाटदिव्याविषयी: त्याचा उजेड मंद असतो, घड्याळ सरकवण्यात त्याचा वाटा पॅनेलपेक्षा कमी. त्याचा खरा उपयोग उठल्यावरची गुंगी कमी होण्यात आहे. गाढ अंधारात गजरानं दचकून उठलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ काही सुधरत नाही. उजेड आधीपासून वाढत गेला तर ते ओझं हलकं होतं. खिडकी नसलेल्या खोलीत मी पॅनेलच्या आधी हाच सुचवीन. गजर मात्र सोबत ठेवा, तोंडावर पांघरूण ओढून झोपणाऱ्याला दिवा दिसत नाही.

पॅनेल कुणी स्वतःच्या मनानं घेऊ नये, हेही लिहून ठेवतो. घरात किंवा स्वतःला बायपोलर आजार असेल तर तेज उजेडानं उन्मादाचा झटका उसळू शकतो. मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब झालेला असेल, पडद्याचा दुसरा आजार असेल, किंवा उजेडानं त्वचेला त्रास होईल अशी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर. डोकेदुखी, डोळे चुरचुरणं सुरुवातीला होतं, दिवा थोडा लांब सरकवला की बहुतेकांचं थांबतं.

निळाई

भाबडा प्रश्न आहे, हसू नका. आमच्या बाळाला कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात निळ्या लाईटखाली ठेवलं होतं. तीच थेरपी का ही? आणि यातून ड जीवनसत्त्व मिळतं का?

झोपेचा_डॉक्टर

हसण्यासारखं काही नाही. बाळाला दिलेला उजेड कातडीवर काम करतो, बिलिरुबिनचं रूप बदलतो म्हणजे ते शरीराबाहेर जातं. तेव्हा डोळे उलट झाकतात. इथं सगळं काम डोळ्यातून. आणि ड जीवनसत्त्वाला अतिनील किरण लागतात, चांगल्या पॅनेलमध्ये ते मुद्दाम गाळलेले असतात. त्यासाठी ऊनच.

गोदाकाठ

एक गिऱ्हाईक आत्ताच विचारून गेलं: ५० वॉटचा एलईडी फोकस, लग्नाच्या मांडवात लावतात तो, टेबलावर ठेवला तर? ५,००० लुमेन आहेत, एकाच दिशेला फेकतो. हिशेबानं अर्ध्या मीटरवर सहा हजारांच्या वर लक्स भरतील. डॉक्टर, काय म्हणता?

झोपेचा_डॉक्टर

आकडा भरेल, डोळे भरून येतील. तोच उजेड इवल्याशा चौकोनातून येतो. थेरपीच्या पॅनेलला दुधी पडदा लावून तो रुंद पसरवलेला असतो तो याच कारणानं. नको.

तिसरी_शिफ्ट

माझा प्रश्न राहिला.

झोपेचा_डॉक्टर

राहिला नाही भाऊ, अवघड आहे म्हणून मागं ठेवला. दर आठवड्याला शिफ्ट बदलते का?

तिसरी_शिफ्ट

हो ना. एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट.

झोपेचा_डॉक्टर

मग घड्याळ पूर्ण फिरवायच्या नादी लागू नका. ते दिवसाला फार तर तास-दीड तास सरकतं, तुमचं नाईटला जुळेपर्यंत आठवडा संपतो. नाईटच्या आठवड्यात पहिल्या चार तासांत जिथं उजेड जास्त तिथं काम मागून घ्या, शेवटच्या दोन-तीन तासांत कमी. सकाळी सातला बाहेर पडलात की समोर कोवळं ऊन, आणि तेच तुमची झोप उडवतं. कंपनीच्या बसनं येत असाल तर काळा गॉगल लावा. मोटारसायकलवर असाल तर लावू नका, डुलकी लागली तर जिवाशी गाठ. घरी खोली मिट्ट अंधारी, फोन सायलेंट.

तिसरी_शिफ्ट

बसनंच येतो. काळा गॉगल लावून बसलो तर पोरं म्हणतील हिरो आला. बघतो. खिडकीला जाड चादर लावलीच आहे, पण शेजारी पिठाची गिरणी.

पाणंद

डॉक्टर, माझं उलटं आहे. वडील पंचाहत्तरीचे. रात्री साडेआठला झोपतात, साडेतीनला उठून बसतात. कार्तिकात काकड्याला जातात तेव्हा ठीक, एरवी घरभर भांडी वाजवतात. त्यांना कोणता दिवा?

झोपेचा_डॉक्टर

म्हातारपणी घड्याळ लवकरकडे सरकतं. त्यांना संध्याकाळचा उजेड द्या. पाच ते सूर्य मावळेपर्यंत पारावर बसू द्या, आठपर्यंत घरात लखलखीत दिवा ठेवा. साडेतीनला उठले तर मोठा दिवा नको, मंद झिरो चालेल. मोतीबिंदू तपासलाय का? भिंग धुरकटलं की घड्याळापर्यंत उजेडच कमी पोचतो.

पाणंद

तपासलेला नाही. दाखवतो. (बाजार आहे म्हटलं होतं ते पॅनेलपुरतं कायम आहे बरं का.)

बाल्टिक_औसेकर

पॅनेलच्या बाबतीत मीही पाणंदभाऊंच्याच बाजूला. अवांतर वाटेल पण आहे मुद्द्याचंच: आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, ती साडेब्याऐंशी रेखांशावरची. लातूर साडेशहात्तरच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे लातूरचा सूर्य घड्याळापेक्षा चोवीस-एक मिनिटं मागं. संभाजीनगर आणखी पश्चिमेला, तिथं जवळजवळ अर्धा तास. म्हणून जानेवारीत लातूरला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, जूनमध्ये पावणेसहाला. पाचचा गजर जानेवारीत म्हणजे सूर्याच्या दोन तास आधी, भर रात्री. साडेसहाला उठणारीला मात्र आवरून बाहेर पडेपर्यंत फुकटचे हजारो लक्स तयार असतात. पोरीला फक्त त्या उजेडात आणायचं.

उदगीरकर

सगळ्यांचे आभार. काल लातूरला जाऊन आलो. पॅनेल घेत नाही. पहाटदिवा घ्यायचं ठरलं. रूमला इन्व्हर्टर आहे, पण तो फक्त पंखा आणि ट्यूबला जोडलाय, प्लगला नाही. त्यामुळे होल्डरमध्ये बसणारा बल्ब चालेल असं वाटतं.

गच्चीवर बसायचं म्हटलं तर मालकानं गच्चीला कुलूप घातलंय. पोरी फोनवर बोलत बसतात म्हणे. त्याच्याशी बराच वेळ हुज्जत घातली. शेवटी सकाळी सात ते साडेसात उघडतो म्हणाला, कपडे वाळत घालायच्या नावाखाली. आणि क्लासला ती रिक्षानं जायची, ते आता पायी जाणार, वीसेक मिनिटं आहे. झोपायची वेळ अजून साडेबारा आहे, तिथं तिचं माझं जमलेलं नाही. गॅलरीकडची रूम मार्चमध्ये रिकामी होतेय, आठशे रुपये जास्त. तीही सांगून ठेवलीय.

गोदाकाठ, बल्ब कोणता बघू? आणि सखीताई म्हणतात ते अडीच वाजता पेटायचं काय करायचं?

गोदाकाठ

आपल्याकडचा खटक्याचा होल्डर असेल तर बी-२२ बघून घ्या, चुडीवाला ई-२७ आणला तर अडकून बसाल. ९ किंवा १० वॉट पुरे. पिवळा ते पांढरा असा रंग बदलणारा घ्या, नुसता पांढरा नको. होल्डर छताला असेल तर उजेड कमी पडेल, वायर ओढून उशाच्या भिंतीवर घ्या आणि तो ट्यूबच्याच लाईनवर ठेवा म्हणजे इन्व्हर्टरवर येईल. बटण कायम चालू ठेवायचं, बंद केलं की ॲपचं काही चालत नाही. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं लागतं, रूमवर ते कुणाच्या नावावर आहे तेवढं बघा.

लाईट आल्यावर पेटायचं: बऱ्याच ॲपमध्ये "वीज परत आल्यावर" असं सेटिंग असतं. त्यात "आधीच्या स्थितीत" निवडा. खोक्यावर ते लिहिलेलं नसतं, दुकानदाराला लावून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

सखी_परभणी

अय्या, असं सेटिंग आहे? आत्ता बघते.

सखी_परभणी

सापडलं. "डिव्हाइस सेटिंग"मध्ये अगदी खाली होतं.